वतन नव्हे, कबुलायत

यहुद्यांचा विषय निघाला की आपल्या सुशिक्षितांच्या बैठकीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले असे की, हे लोक स्वतःला ईश्वराने निवडलेले समजतात, तेव्हा जगाने त्यांचा द्वेष केला तर त्यात नवल ते काय? दुसरे असे की, ते निवडलेलेच असले पाहिजेत, एरवी मूठभर लोकांच्या हातून एवढा पराक्रम झाला नसता; आपणही त्यांचा कित्ता गिरवावा. पहिले वाक्य तुच्छतेने उच्चारले जाते, दुसरे भक्तिभावाने. ज्यांना पहिले सुचते त्यांना दुसरे पटत नाही, आणि वाद रंगतो. परंतु ह्या दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर पूर्ण एकमत असते, आणि वादाच्या भरात ते कोणाच्याच लक्षात येत नाही. ‘निवड’ म्हणजे श्रेष्ठत्वाची सनद, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. माझा आक्षेप ह्या गृहीतावर आहे.

आपल्या जुन्या मुलकी व्यवहारातले दोन शब्द येथे उपयोगी पडतील. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क. त्याच्याबरोबर मानपान आले, शिरपाव आला, पानसुपारीचा पहिला मान कोणाचा ह्यावरून होणारी भांडणे आली. कबुलायत म्हणजे घेणाऱ्याने लिहून दिलेले बंधन. इतका सारा देईन, जमीन पड टाकणार नाही, चुकलो तर सरकार करील ती शिक्षा मान्य, असा तिचा आशय. वतनदार आपल्या कागदाकडे पाहून मिशीला पीळ देतो. कबुलायत लिहून देणाऱ्याला आपला कागद आठवला की हप्त्याची तारीख आठवते. यहुदी धर्मग्रंथांतील निवडीची कल्पना ह्या दोहोंपैकी कोणत्या जातीची आहे, हा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर त्या ग्रंथांतच इतक्या स्पष्टपणे दिलेले आहे की, ते न वाचताच मत देण्याची आपली सवय पाहून खेद वाटतो.

‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात मोशे आपल्या लोकांना निवडीचे कारण सांगतो. तुम्ही संख्येने मोठे होता म्हणून तुमची निवड झाली असे समजू नका, तुम्ही तर सर्वांत लहान होता; आणि तुमच्या पुण्याईमुळे झाली असेही समजू नका, कारण तुम्ही ताठ मानेचे लोक आहात, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. स्वतःच्या राष्ट्रपुरुषाच्या तोंडी असली प्रशस्ती घालणारा धर्मग्रंथ विरळाच. लेवीय ग्रंथात तर जमिनीच्या मालकीचाच निकाल लावलेला आहे. जमीन कायमची विकता येणार नाही, कारण ती ईश्वराची आहे आणि इस्राएल लोक तिच्यावर त्याच्याकडचे पाहुणे म्हणून राहत आहेत, असे तेथे म्हटले आहे. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, ज्यांना आपण मिरासदार समजतो त्यांना त्यांचा स्वतःचा ग्रंथ उपरी म्हणतो.

ह्यावरही कोणाचा अभिमान उरलाच, तर ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात आमोस नावाचा एक मेंढपाळ बेथेलच्या देवळाशी येऊन उभा राहिला. त्याच्या बोलण्यात ‘निवडले’ आणि ‘म्हणून’ हे दोन शब्द एकमेकांना जोडलेले आहेत. पृथ्वीवरील सर्व कुळांत ईश्वराने तुमच्याशीच नाते जोडले, म्हणून तुमच्या अपराधांचा झाडा तो तुमच्याकडून घेईल, हे त्याच्या एका प्रवचनाचे सार. ह्या ‘म्हणून’च्या पुढे एखाद्या वतनदाराने काय लिहिले असते याची वाचकांनी कल्पना करावी, म्हणजे आमोसचे वेगळेपण ध्यानात येईल. तो एवढ्यावर थांबत नाही. इस्राएलांना मिसर देशातून बाहेर काढले त्याप्रमाणेच पलिष्ट्यांना आणि अरामी लोकांनाही ईश्वरानेच त्यांच्या त्यांच्या ठिकाणांहून आणले, आणि कूश देशाचे काळे लोक त्याला इस्राएलांइतकेच आहेत, असेही तो सांगतो. पलिष्टी हे इस्राएलांचे हाडवैरी होते, हे लक्षात घेतले म्हणजे हे बोलणे ऐकणाऱ्यांना किती झोंबले असेल ते कळते. बेथेलच्या पुरोहिताने त्याला तेथून चालते होण्यास सांगितले, अशी नोंद आहे. परंतु त्याच्या प्रवचनांना धर्मग्रंथात स्थान मिळाले, आणि ती त्याच लोकांनी अडीच हजारांहून अधिक वर्षे जपली.

पुढे तालमुदाच्या काळात रब्बींनी ह्या प्रसंगावर कथा रचल्या. एका कथेत ईश्वर आपले नियमशास्त्र घेऊन साऱ्या राष्ट्रांच्या दारी जातो, आणि इतर सर्वांनी नाकारल्यावर ते इस्राएलाच्या पदरी येते. दुसऱ्या कथेत ईश्वर सीनाय पर्वतच उचलून लोकांच्या डोक्यावर धरतो. स्वीकाराल तर ठीक, नाही तर येथेच तुमचे थडगे होईल. ज्यांना निवड हा सन्मान वाटत होता, त्यांनी अशी कथा रचली नसती.

आता पहिल्या वाक्याकडे वळू. श्रेष्ठत्वाच्या दाव्यामुळे द्वेष ओढवला, असे त्यात कार्यकारण जोडलेले आहे. ते खरे असेल तर जेथे जेथे दावा होता तेथे तेथे द्वेष दिसला पाहिजे, आणि दावा सोडल्यावर द्वेष शमला पाहिजे. ह्या कसोटीसाठी दूर जाण्याचे कारण नाही, आपला पश्चिम किनारा पुरे आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. त्यांचे वंशज कुलाब्याच्या खेड्यांत घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, आणि म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. हिब्रू भाषा ते विसरले. परंतु ईश्वर एक आहे असे सांगणारी ‘शेमा’ ही प्रार्थना विसरले नाहीत, आणि तिचे पहिले संबोधन इस्राएलालाच आहे. दिवेकर, पेणकर, किहीमकर, रोहेकर अशी गावांची नावे लावून आणि मराठी बोलून हे लोक शतकानुशतके नांदले. त्यांच्या श्रद्धेचा शेजाऱ्यांना कधी जाच झाला नाही, आणि शेजाऱ्यांनी त्यांची घरे कधी जाळली नाहीत.

त्याच किनाऱ्यावर, दक्षिणेला, गोव्यात काय झाले? गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ साली गोव्यास आला. तो आणि त्याचे कुटुंब नावाने ख्रिस्ती होते. यहुदी असल्याचा उघड दावा त्यांनी कधी केला नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. गार्सिया १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये स्वतः गार्सियाची हाडे उकरून जाळण्यात आली. दावा उघडपणे सांगणारे उत्तर कोकणात सुखाने राहिले, आणि ज्यांनी तो ओठांवरही आणला नाही त्यांच्या हाडांनाही गोव्यात थारा मिळाला नाही. मग द्वेषाचे कारण दाव्यात शोधावे, की द्वेष करणाऱ्याच्या न्यायासनात?

हाच पुरावा जर्मनीत अधिक भयंकर प्रमाणावर मिळतो. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी माणूस काय मानतो हे विचारलेच नाही; त्याच्या आजीआजोबांपैकी किती जण यहुदी होते, एवढेच मोजले. एडिट श्टाइन ही विदुषी १९२२ मध्ये कॅथॉलिक झाली होती, पुढे जोगीण होऊन मठात राहिली होती. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आउश्वित्स येथे तिचा अंत झाला. साठ लाखांत श्रद्धाळू होते तसे नास्तिक होते, साम्यवादी होते, आणि अद्याप ज्यांना बोलताही येत नव्हते अशी तान्ही मुले होती. त्यांपैकी कोणी कोणता दावा केला होता? ‘त्यांच्याच कल्पनेचे फळ त्यांना मिळाले’ असे म्हणणारा माणूस, त्याला कळो वा न कळो, मारेकऱ्याचे वकीलपत्र घेत असतो.

कोणी म्हणेल की, नाझींचा वंशवाद ही निवडीच्या कल्पनेचीच नक्कल होती. हे बोलणे चमकदार आहे, आणि तितकेच पोकळ आहे. वंशवादात आत येण्याला दार नाही. यहुदी परंपरेत ते आहे. अरुंद आहे, पण आहे. रूथ ही मवाब देशाची, म्हणजे परक्या आणि शत्रू मानलेल्या कुळातली स्त्री. तिच्या पणतवाचे नाव दावीद, आणि तो इस्राएलाचा सर्वांत नामांकित राजा झाला. शिवाय इतर राष्ट्रांतील सज्जनांनाही परलोकात वाटा आहे, त्यासाठी यहुदी होण्याची गरज नाही, असे रब्बींचे प्रसिद्ध मत आहे. जो धर्म परक्याला मोक्षासाठी आपल्यात यावेच लागेल असे म्हणत नाही, त्याला संकुचित म्हणण्यापूर्वी, तसे म्हणणाऱ्या धर्मांची यादी आपण एकदा करून पाहावी.

दुसऱ्या वाक्याचे कैवारी मला अधिक धोक्याचे वाटतात, कारण त्यांना नक्कल करावयाची असते. नक्कल करणारा नेहमी कागदाचा अर्धाच भाग उतरवून घेतो. दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांनी १६ डिसेंबर १८३८ रोजी नदीकाठी झुलूंचा पराभव केला, आणि ईश्वराशी आपला करार झाला अशी त्यांची भावना झाली. तो दिवस ते नवसाचा दिवस म्हणून पाळू लागले. ह्याच भावनेच्या आधारावर १९४८ नंतर वर्णभेदाचे राज्य उभे राहिले, आणि त्यांच्या धर्मपीठाने त्याला बायबलातून आधार पुरविले. स्वतःला इस्राएल म्हणविणाऱ्या ह्या लोकांनी मोशे घेतला, वचनदत्त भूमी घेतली. आमोस मात्र घेतला नाही. १९९४ साली ते राज्य संपले, आणि तोच १६ डिसेंबर पुढे सलोख्याचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. उत्तर अमेरिकेत गेलेल्या प्युरिटनांनीही स्वतःस नवे इस्राएल मानले होते; तेथील मूळ रहिवाशांच्या वाट्याला त्यामुळे कनानी लोकांची भूमिका आली. ‘आपणही निवडलेले होऊ’ म्हणणाऱ्यांनी हे दोन दाखले डोळ्यांपुढे ठेवावेत.

येथवर वाचून वाचकांचा असा समज होईल की, यहुद्यांना ही कल्पना नेहमीच नीट कळली, आणि इतरांनी ती बिघडविली. तसे म्हणणे मात्र खोटेपणाचे होईल. वतनाचा मोह कबुलायत लिहून देणाऱ्यालाच अगोदर होतो. बाराव्या शतकात यहूदा हालेवी ह्या थोर कवीने आपल्या ‘कुझारी’ ग्रंथात निवडीला बीजाचे रूप दिले. ईश्वरी गुण वंशातून उतरतो, आणि बाहेरून आलेला माणूस जन्मजात इस्राएलाच्या पूर्ण बरोबरीचा होत नाही, असे मत मांडले. त्याच शतकात मायमोनिडीझला ओबद्या नावाच्या एका धर्मांतरिताने विचारले की, प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ हे शब्द मी म्हणावेत काय? त्याने निःशंकपणे म्हणावेत, जो ह्या मार्गाने येतो त्याचा पिता अब्राहामच, असा निर्वाळा मायमोनिडीझने दिला. धर्माची तेरा तत्त्वे त्याने सांगितली. निवड हे त्यांपैकी एक नाही. एकाच शतकात एकाने वतन वाचले, दुसऱ्याने कबुलायत. हा वाद आजतागायत मिटलेला नाही.

स्पिनोझाने तो आपल्या परीने तोडून टाकला. ज्याला १६५६ साली आम्स्टरडॅमच्या समाजाने बहिष्कृत केले, त्याने १६७० च्या आपल्या ग्रंथात म्हटले की, हिब्रूंची निवड त्यांच्या राज्यापुरती आणि ऐहिक स्थैर्यापुरती होती. बुद्धी आणि सद्गुण ह्यांत कोणतेही राष्ट्र दुसऱ्याहून निराळे नाही. अमेरिकेत रब्बी मॉर्डेकाय कॅप्लन ह्यांनी तर निवडीचे उल्लेखच प्रार्थनेतून काढून टाकले. १९४५ मध्ये त्यांचे प्रार्थनापुस्तक प्रसिद्ध झाले, आणि न्यूयॉर्कमध्ये सनातनी रब्बींच्या सभेत त्यांना बहिष्कृत करून ते पुस्तक जाळण्यात आले. ज्या वर्षी युरोपातील छळछावण्यांची दारे उघडली त्याच वर्षी यहुद्यांनी यहुद्याचे पुस्तक जाळावे, ह्याहून दारुण विसंगती कोणती? कॅप्लन ह्यांचे म्हणणे असे की, निवडीचा कितीही सौम्य अर्थ लावा, तुलनेचा वास तिला सुटत नाही. ओझे म्हणून मिरविले तरी मिरविणे ते मिरविणेच.

हा आक्षेप खरोखर वजनदार आहे. गोऱ्या साम्राज्यांनीही ‘ओझे’ हाच शब्द वापरून आपल्यावर दीडशे वर्षे राज्य केले. परंतु त्या ओझ्यात आणि आमोसच्या ओझ्यात एक भेद आहे. साम्राज्याच्या ओझ्यात हिशेब दुसऱ्याचा घ्यावयाचा असतो, आमोसच्या ओझ्यात स्वतःचा द्यावयाचा असतो. शब्द काढून टाकल्याने मोह जात नाही, तो दुसरे नाव घेतो. शब्द राहिला तर निदान ज्याच्या आधारे जाब विचारता येईल असा कागद तरी हाती राहतो.

तो जाब विचारण्याची पाळी आपल्या कोकणच्या माणसांवर आली, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावी. आपल्या भूमीवर जातीचा स्पर्श ह्या समाजालाही झाला होताच. बेने इस्रायलांत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता, आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. कोचीनमध्ये गोऱ्या परदेशी यहुद्यांनी मुक्त दासांच्या वंशजांना सिनॅगॉगमध्ये बरोबरीची जागा दिली नाही, त्याविरुद्ध ए. बी. सालेम ह्यांनी गांधीजींच्या मार्गाने सत्याग्रह केला. उच्चनीचतेचा हा रोग मागे टाकून आपण पूर्वजांच्या देशी चाललो, अशा भावनेने बेने इस्रायल १९४८ नंतर इस्रायलला गेले. तेथे त्यांच्यापुढे काय आले? १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदणाऱ्यांना आज्ञा केली की, बेने इस्रायलाचा इतर यहुद्याशी विवाह ठरला तर त्याच्या आईची, आजीची, आणि जमेल तेथवर मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. आपल्या खेड्यांत सोयरीक जुळविताना कूळ विचारतात, तसेच हे. ज्यांनी घाण्याच्या कामात शनिवार मोडला नाही, ज्यांच्या मुखातून ‘शेमा’ गेली नाही, त्यांना आता आजीचा दाखला मागण्यात येत होता.

हे लोक स्वस्थ बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणे धरून बसले. ऑगस्टमध्ये संसदेची खास बैठक झाली, आणि बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असून त्यांचे हक्क पूर्णपणे समान आहेत असे जाहीर झाले. महिनाअखेर धर्मपीठाने आज्ञेतून त्यांचे नाव काढले. आज्ञा मात्र संशयितांसाठी म्हणून राहिलीच. त्या धरण्यात कोण कोणाला निवडीचा अर्थ शिकवीत होते? पदवीधर रब्बींच्या हाती हालेवीचे बीज होते. कुलाब्याच्या तेल्यांच्या नातवांच्या बाजूला आमोस होता. त्या लोकांनी पुढे इस्रायलमध्येही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले, ह्याचा मला एक मराठी माणूस म्हणून आनंद वाटतो.

दुबळ्याच्या हाती निवडीची कल्पना सांत्वन असते; सत्ताधाऱ्याच्या हाती ती आज्ञापत्र होऊ शकते. म्हणून आज हा प्रश्न इस्रायलच्या राज्याला विचारणे भाग आहे. १९६७ च्या युद्धानंतर जिंकलेल्या भूमीवर धर्मग्रंथाच्या नावाने वसाहती उभ्या राहिल्या. २०१८ च्या जुलैमध्ये संसदेने कायदा केला की, त्या राज्यात राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क केवळ यहुदी जनतेचा आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे बाराशे लोकांची क्रूर हत्या केली, आणि शेकडोंना ओलीस नेले. त्या कृत्याला कोणतेही समर्थन नाही. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये, तेथील आरोग्य खात्याच्या नोंदींप्रमाणे, साठ हजारांहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत मुलांची संख्या फार मोठी आहे. ह्या काळात काही सत्ताधाऱ्यांच्या तोंडी धर्मग्रंथातील संहाराच्या कथा येत होत्या. परक्यावर जुलूम करू नका, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता, ही त्याच ग्रंथातील वारंवार येणारी आज्ञा त्यांना आठवत नव्हती काय?

हे मी बाहेरून सांगत आहे असे कोणी समजू नये. जेरुसलेमचे येशायाहू लाइबोविट्स हे कर्मठ धर्मनिष्ठ होते. १९९४ मध्ये वारले तोवर ते सांगत राहिले की, पावित्र्य ही इस्राएलाच्या अंगची वस्तू नसून त्याच्यावरची मागणी आहे, आणि जिंकलेल्या लोकांवर राज्य करणे राज्यालाच भ्रष्ट करील. त्यांच्या देशात त्यांना शिव्या खाव्या लागल्या. बेथेलच्या देवळापासून हा क्रम चालत आला आहे.

राहता राहिलो आपण. यहुद्यांच्या निवडीचा अर्थ आपल्याला झटकन ‘जन्मसिद्ध श्रेष्ठत्व’ असाच का लागतो? कारण जन्माने मिळणाऱ्या मानाखेरीज दुसऱ्या प्रकारची निवड आपण पाहिलेली नाही. आपण दुसऱ्याच्या ग्रंथात आपलीच वर्णव्यवस्था वाचतो. मग कोणी त्यावर रागावतो, कोणी तिचा हेवा करतो.

म्हणून पुढच्या बैठकीत पहिले वाक्य कानी आले, तर कातारिना द ओर्ताचे नाव घ्यावे. आणि दुसरे आले, तर कबुलायतीचा हप्ता कोण भरणार, एवढेच विचारावे. तो प्रश्न जेरुसलेमला जितका लागू आहे, तितकाच जो जो समाज स्वतःला ईश्वराचा लाडका समजतो त्या प्रत्येकाला लागू आहे. आणि आपण त्यांत नाही असे छातीठोकपणे सांगण्याचे धाडस निदान मला होत नाही.